किंवा समतुल्य

भूपाल मगदूम यांच्या नाकाला अख्ख्या मिरजेत तोड नाही असं म्हणणारे बरेच लोक होते, आणि त्यांत पहिला नंबर खुद्द भूपालरावांचा. फिनेलचा डबा उघडला की ते डोळे मिटून एकदाच हुंगायचे आणि समोरच्या सप्लायरला म्हणायचे, "पाणी जरा जास्तच प्यायलंय की ओ हे!" बिचारा सप्लायर मुकाट्याने भाव उतरवायचा.

'नीटस सर्व्हिसेस' या कंपनीत ते नोकरीला. दुसऱ्यांच्या इमारती झाडूनपुसून, धुऊनवाळवून चकचकीत ठेवायच्या हा तिचा ठेका, आणि त्यासाठी खराट्यापासून लिफ्टच्या वंगणापर्यंत लागेल तो माल घेणारे परचेसचे साहेब म्हणजे भूपालराव. बाहेरच्यांना वाटतं, खरेदीला काय अक्कल लागते? पैसे द्यायचे, वस्तू आणायची. एकदा करून बघा म्हणावं! या धंद्याचा सगळा जीव दोन शब्दांत असतो. मागणीपत्रावर कुठल्याही वस्तूचं नाव लिहिलं की पुढे लिहायचं, 'किंवा समतुल्य'. अमुक कंपनीचा साबण किंवा समतुल्य. तमुक मापाची बादली किंवा समतुल्य. म्हणजे कुणा एकाच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही. जगात सगळ्याला पर्याय असतो, यावर भूपालरावांचा इतका विश्वास होता की त्यांची बायको त्रिशला म्हणायची, "लग्नाच्या वेळी माझ्या बापानेही तसंच लिहायला हवं होतं."

अशा या माणसाकडे दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीचा तन्मय नावाचा सेल्समन एक पांढरा डबा घेऊन आला. भूपालरावांनी सवयीने झाकण उघडून हुंगलं. काहीच नाही. परत हुंगलं. साध्या पाण्यालासुद्धा नळाचा, हंड्याचा काहीतरी वास असतो. याला तोही नव्हता.

"नाक गेलं की काय माझं?" ते दचकून म्हणाले.

"नाक शाबूत आहे साहेब," तन्मय हसला. "वास खाऊन टाकतं हे. जिवंत आहे."

मग त्याने सांगितलं ते असं. आपण फरशी जंतुनाशकाने पुसतो तेव्हा वाईट जंतू मरतात, चांगलेही मरतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर पहिले येऊन बसतात ते औषधांना न जुमानणारे निबर जंतू. हॉस्पिटलांचं खरं दुखणं हेच. या डब्यात मातीतले निरुपद्रवी जिवाणू होते, प्रयोगशाळेत थोडेसे बदललेले. फरशीवर फवारले की त्यांचा अगदी पातळ थर धरतो. घाम, रक्त, तेल, सांडलेलं अन्न, जे म्हणून स्निग्ध असेल ते हा थर खातो. रोगजंतूंना ना बसायला जागा उरते, ना खायला घास. वासाचंही तेच. वास म्हणजे तरी काय, वस्तूवरून हवेत उडणारे बारीक कण, आणि माणसाच्या वासातले बरेचसे कण स्निग्ध पदार्थांचेच असतात. ते उडायच्या आधीच याच्या पोटात जातात. शिवाय हाताला, पायाला, चाकाला लागून हा थर आपण होऊन पुढे पसरतो, म्हणून पुन्हापुन्हा लावायची कटकट नाही.

"आणि साहेब, हे कुणाला मारत नाही. नुसतं उपाशी ठेवतं. यात हिंसा नाही."

"माझं जैनाचं आडनाव वाचून आलायस होय रे?" भूपालराव हसले खरे, पण डब्यावरचा हात त्यांनी काढला नाही.

त्याला कारण होतं. ज्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलची साफसफाई नीटसकडे होती, तिथेच तीस वर्षांपूर्वी त्यांचा पहिला मुलगा जन्मला होता. चांगला गुटगुटीत होता. तिसऱ्या दिवशी ताप आला, डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन, आणि आठवड्याच्या आत पाळणा रिकामा झाला. भूपालराव तेव्हा बांगड्यांच्या दुकानात हिशेबनीस होते. पुढे ते या धंद्यात आले आणि याच हॉस्पिटलचा माल स्वतःच्या हाताने घ्यायला लागले, ते काही उगीच नाही. फिनेलच्या प्रत्येक डब्यात त्यांना तो पाळणा दिसायचा.

डबा त्यांनी घेतला. नुसता घेतला नाही, वर आपलं डोकंही चालवलं. हॉस्पिटलची लाँड्रीही नीटसकडेच होती. फरशीला एक औषध, चादरींना दुसरं, पाळण्यांना तिसरं, कशाला हव्यात एवढ्या भानगडी? एकच डबा सगळीकडे वापरायचा. माल कमी, गोदाम मोकळं, भाव कमी. खरेदीवाल्याला यापरतं सुख नाही.

"साहेब, कंपनीने चाचण्या फक्त फरशी आणि भिंतींच्या घेतल्यात," तन्मय चाचरत म्हणाला.

"फरशीवरचा जंतू आणि चादरीवरचा जंतू काय वेगळ्या गावचे आहेत? लाँड्रीच्या मागणीत लिहितो मी, नेहमीचं जंतुनाशक किंवा समतुल्य. झालं!"

तन्मयला ऑर्डर हवी होती. त्याने ऑर्डरबुक पुढे केलं.

परचेसवाल्याच्या घरी साबण विकत आणत नाहीत, सॅम्पलवर भागतं, ही या धंद्याची जुनी रीत. तेव्हा एक डबा भूपालरावांच्या घरीही आला आणि न्हाणीपासून माजघरापर्यंत फवारला गेला. हॉस्पिटलातल्या मावशींनी त्या थराला नाव ठेवलं 'साय'. दुधावर धरते तशी धरते म्हणून. पुढे डॉक्टरही साय म्हणू लागले.

आणि सायीने खरंच चमत्कार केला. वर्षभरात नवजात मुलांच्या वॉर्डातलं इन्फेक्शन जवळजवळ थांबलं. हॉस्पिटलचे मुख्य डॉ. अभ्यंकर यांनी भूपालरावांना शाल-श्रीफळ दिलं. घरी येऊन त्यांनी ती शाल त्रिशलाच्या खांद्यावर टाकली. दोघांपैकी कुणी त्या पहिल्या मुलाचं नाव काढलं नाही, पण त्या दिवशी दोघंही जेवताना एकमेकांकडे बघून रडली.

मग यंदा त्यांची मुलगी चंदना पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि जे काही बरंवाईट होईल तेही माहेरच्या माथी, हा आपल्याकडचा रिवाज. भूपालराव मात्र निर्धास्त होते. जावयाला छाती काढून सांगत होते, "आमच्या हॉस्पिटलात माशीसुद्धा आजारी पडत नाही."

मुलगी झाली. गोरी, काळ्याभोर जावळाची, घसा फोडून रडणारी. आणि दुधाला तोंड लावीना.

म्हणजे भूक होती, चोखण्याची ताकद होती. चंदनाने छातीशी धरलं की ती पोर क्षणभर इकडेतिकडे मान फिरवायची, जणू घरात शिरून दारच सापडत नाही, आणि मग तोंड फिरवून किंचाळायची. वॉर्डातल्या एस्तेर सिस्टरांनी हरतऱ्हेने प्रयत्न केले. शेवटी त्या थकून म्हणाल्या, "आजकाल खूप जणींचं असंच होतंय हो. आताच्या मुलींना दूधच नाही. वाटी-चमच्याने पाजा."

"दूध आहे सिस्टर!" चंदना रडवेली होऊन म्हणाली. "कपडे भिजतायत माझे."

इचलकरंजीहून विहीणबाई नात बघायला आल्या. त्यांनी पोरीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "आमच्या घरात असं कधी झालं नाही बाई." एवढंच. पण विहिणीचं 'एवढंच' किती असतं, ते मुलीच्या बापाला विचारा.

घरी आणल्यावरही तेच चाललं. पोर चमच्याने चार थेंब घ्यायची, चार ओकायची. वजन उतरत होतं. पाजणं नाही म्हणून चंदनाचं दूधही आटत चाललं होतं. तिने जेवण टाकलं. "मीच तिला नकोय आई," असं एकदा म्हणाली, आणि त्रिशलाच्या हातातला पेज ढवळायचा पळा तसाच राहिला.

त्रिशलाने बाळंतिणीच्या खोलीत ओवा-वेखंडाची धुरी केली. भूपालराव दारातून आत आले आणि थबकले. धूर डोळ्यांना झोंबत होता, पण निखारा विझल्यावर काही मिनिटांतच खोली अशी झाली, जशी कुणी कधी धुरी केलीच नव्हती. बाळंतिणीची खोली गल्लीच्या टोकापासून ओळखू यायला हवी. ओवा, शेपा, तेल, ओलं दूध. चंदना झाली तेव्हाचा तो वास त्यांच्या अजून डोक्यात होता. त्यांनी नातीला उचललं आणि तिच्या टाळूला नाक लावलं.

काहीच नाही. तो पांढरा डबा पहिल्यांदा उघडला होता तेव्हासारखं.

पोरीला त्यांनी त्रिशलाच्या हातात दिलं. ते तसेच गॅलरीत गेले आणि पुण्याच्या कंपनीत फोन लावला. जोडून जोडून अखेर एका शास्त्रज्ञ बाई फोनवर आल्या. त्यांनी शांतपणे समजावलं. नुकत्याच जन्मलेल्या मुलाची नजर पक्की नसते, ते आईला ओळखतं वासावरून. पोटात असताना ज्या पाण्यात ते पोहतं, त्याच्याशी आईच्या छातीचा वास जुळतो, म्हणून जन्मल्याजन्मल्या ते न चुकता तिथे पोहोचतं. तो वास स्निग्ध कणांचाच असतो. साय अंगावर आली तर ते कण उरणारच नाहीत.

"पण साय अंगावर येईल कशी?" बाई म्हणाल्या. "फरशीवरची एवढी चढत नाही. दिवसरात्र अंगाखाली चादर असेल आणि चादरीवर साय असेल, तरच... चादरींवर वापरायला कुणी सांगितलं?"

"मी," भूपालराव म्हणाले.

मग बाईंनी एवढंच सांगितलं की अंगावरची साय निघायला दोन-तीन महिने लागतील, आणि तान्ह्या मुलाच्या अंगावरून ती घासून काढता येत नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं नुसतं म्हणून मोकळं होता येत नाही अशा वेळी. सायीआधीचा तिचा वास मिळेल म्हणून भूपालरावांनी विहीणबाईंना फोन करून चंदनाची एखादी जुनी, न धुतलेली ओढणी मागितली. ओढणी आली ती धुऊन, इस्त्री करून, वर हळदी-कुंकवाची बोटं लावून. माहेरी कपडा पाठवायचा तर असाच पाठवतात, त्यात त्या माउलीचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी ते डॉ. अभ्यंकरांसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"गेल्या महिन्यात आलं आमच्याही लक्षात," ते म्हणाले.

"मग काढून टाका की साय! निदान चादरींची तरी."

"चादरींची काढून काय होणार मगदूम? ती आता गाद्यांत आहे, पाळण्यांत आहे, सिस्टरांच्या हातांवर आहे. काढायची तर अख्खी इमारत रिकामी करून ब्लीचने धुवावी लागेल. मग जुने जंतू परत येतील आणि पोरं पुन्हा मरायला लागतील. तुम्हाला मी हे सांगायला हवं का?"

भूपालरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. "मग त्या बायकांना खरं तरी सांगा. त्यांना वाटतंय, आपल्यातच खोट आहे."

"सांगितलं तर उद्यापासून इथे कोण येईल? घरी बाळंत होतील. त्यांतल्या किती जणी आणि किती पोरं दगावतील?" डॉक्टर काही दुष्ट माणूस नव्हता. "आणि आता उपाय निघालाय. त्याच कंपनीने काचपेटीतल्या अशक्त पोरांसाठी काढला होता, तोच."

त्यांनी खणातून एक छोटा डबा काढून पुढे केला. 'मातृगंध'. शेकडो आयांच्या दुधाचे, अंगाचे वास तपासून त्यांची सरासरी काढून बनवलेला वास. सायीला पचत नाही अशा रेणूंचा, म्हणून टिकतो. आईने छातीला लावायचा, मूल पटकन ओढून घेतं.

"मागणीपत्र आजच पाठवतोय तुमच्याकडे. सगळ्या वॉर्डांसाठी. आणि आधीचं काही बोलू नका, प्लीज."

ऑफिसात येऊन भूपालरावांनी झाकण उघडलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने दोन थेंब मनगटावर घेऊन हुंगले. त्यांचे डोळे भरून आले. कोमट दूध, उन्हात वाळलेलं दुपटं, मानेचा घाम. चंदना तान्ही असतानाची त्रिशला. अगदी तीच! आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की हा डबा हुंगणाऱ्या प्रत्येकाला आपली माणसं अशीच आठवणार. माल अस्सल होता. नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती. स्क्रीनवर मागणीपत्र येऊन पडलं होतं, वस्तूच्या नावापुढे संगणकाने आपण होऊनच लिहिलेलं, 'किंवा समतुल्य'. त्यांनी मंजुरीचं बटण दाबलं नाही. डबा खिशात घालून ते घरी गेले.

चंदना भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पोर हुंदके देत होती. भूपालराव तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. साय, चादरी, तन्मयने अडवलं ते, आपण हसण्यावारी नेलं ते. त्रिशला दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला.

चंदना रागावेल, ओरडेल, हाताला लागेल ते फेकून मारेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. तिने एवढंच विचारलं,

"म्हणजे अण्णा, माझ्यात काही खोट नाही?"

"नाही गं बाळा. काहीसुद्धा नाही."

ती एकदम मोठ्याने रडायला लागली. एवढे दिवस दाबून धरलेलं सगळं बाहेर पडलं. आईच्या कुशीत शिरून ती परत परत म्हणत राहिली, "मला वाटलं मीच वाईट आहे, मीच." भूपालरावांना वाटलं, त्यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी डबा पुढे ठेवला. "हा लावला तर घेईल म्हणतात. लावायचा की नाही, ते तू ठरव. मी आता काही ठरवणार नाही."

चंदनाने डब्याकडे बघितलं, पोरीच्या सुकलेल्या ओठांकडे बघितलं. आई होऊन असल्या वेळी कोण ठरवत बसतं? तिने दोन थेंब लावले. पोरीने मान फिरवली, थांबली, आणि अशी तुटून पडली की चंदना कळवळली आणि हसली, दोन्ही एकदमच. त्रिशलाने हात जोडले. विहीणबाईंना फोन गेला. त्या रात्री घरातली सगळी माणसं पोटभर जेवली.

सकाळी चंदना न्हायला गेली होती. पोर उठून रडायला लागली, म्हणून भूपालरावांनी तिला उचललं. मनगट त्यांनी दोनदा साबणाने धुतलं होतं, पण सदरा कालचाच होता. रडणं चटकन थांबलं. तिने त्यांच्या बाहीला नाक लावलं, मग छातीशी, मग खिशापाशी. तोंडाचा इवलासा चंबू करून ती सदऱ्यावर चाचपडू लागली, मऊ, विश्वासाने, डोळे मिटून. छप्पन्न वर्षांचा, मिशीवाला, खरेदी खात्याचा माणूस नातीला छातीशी धरून उभा, आणि नात त्याच्यात आई शोधत होती. त्यांना हलताही येईना.

न्हाणीचं दार वाजलं. केस पंच्यात गुंडाळलेली चंदना आली आणि तिने हे बघितलं.

"आण की इकडे," ती हळूच म्हणाली.

त्यांनी पोरीला तिच्या हातात दिलं. नुकती न्हालेली, स्वच्छ, ओली आई. पोरीने तिच्या गळ्याशी तोंड नेलं, क्षणभर थांबली आणि किंचाळत मान फिरवली. आजोबांच्या दिशेला तोंड वळवून रडू लागली. चंदनाचा चेहरा पांढरा पडला. पण ती रडली नाही. तिने पोरीला घट्ट धरलं आणि सरळ आवाजात म्हणाली,

"अण्णा, डबा कुठे ठेवलाय?"

त्यांनी डबा आणून दिला. सदरा काढून बादलीत टाकला, दुसरा घातला आणि चहा न घेताच घराबाहेर पडले. ऑफिसकडे वळायच्या चौकात ते वळले नाहीत. वाटेत डॉ. अभ्यंकरांचा फोन येऊन गेला, परत आला, त्यांनी उचलला नाही. नोकरी जाईल. कदाचित त्याहूनही वाईट होईल. डॉक्टरचं म्हणणं खोटं नव्हतं, हेही त्यांना ठाऊक होतं. एखादी घाबरून घरी बाळंत होईल आणि तिचा पाळणा रिकामा होईल, ते पाप कुणाचं, हे त्यांना सांगता आलं नसतं. पण भिंतीला टेकून बसलेल्या लेकीचं ते "मीच वाईट आहे" त्यांच्या कानांतून जात नव्हतं.

भेटीची वेळ होती. वॉर्डात ओळीने खाटा होत्या, शुभ्र चादरी, कसलाही वास नाही. खाटाखाटांवर बायका मान खाली घालून वाटी-चमचा घेऊन बसल्या होत्या. कुणाची सासू शेजारी बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. एस्तेर सिस्टर पुढे येऊन म्हणाल्या, "मगदूम साहेब, तुम्ही आत कसे?"

भूपालराव वॉर्डाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

"बायांनो, जरा ऐका," ते म्हणाले. "तुमच्या दुधात काही खोट नाही. तुमच्यात काही खोट नाही. खोट तुमच्या अंगाखालच्या चादरीला लावलेल्या औषधात आहे, आणि ते मी आणलंय."